बायकार्बोनेटमधली बाय

ऐका, पण हसायचं ते चहा संपल्यावर. हे सांगताना माझी कानशिलं अजून तापतात.

पन्नाशीत मी एकट्यानंच रसायनशास्त्र शिकायला घेतलं. दोन मूलद्रव्यांची संयुगं झाली, मग तीन-चार मूलद्रव्यांची आली आणि मला त्या नावांचा नादच लागला. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात बरणीबरणीवर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ गेलं, सोडियम क्लोराइड आलं. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा, त्यांनाही शास्त्रीय नावं मिळाली. बायको म्हणाली, "च्यात घालायची साखर तेवढी मराठीत ऱ्हाऊ द्या."

तर मुलीला बघायला जयसिंगपूरचे पाहुणे यायचे होते. बायको मुलीला साडी नेसवत होती, म्हणून भज्यांचं पीठ मी कालवायला घेतलं. सोडा घालायची वेळ आली आणि समोर दोन बरण्या. सोडियम कार्बोनेट, सोडियम बायकार्बोनेट. यातला खायचा कुठला?

विचारायला लाज वाटली. चिठ्ठ्या माझ्याच ना! मग डोकं चालवलं. बाय म्हणजे दोन. म्हणजे कार्बोनेट दुप्पट, म्हणजे जालीम, म्हणजे कपड्यांचा. पोटाला आपला साधा कार्बोनेट बरा.

घातला. हळदीचं पिवळं पीठ बघता बघता लाल झालं. तुम्ही थांबला असता. मला वाटलं, लाल तिखटाची चटणी जरा सढळ पडली.

ताटल्या बाहेर गेल्या आणि मी रिवाजाप्रमाणे बोलून बसलो, "सगळं मुलीनंच केलंय हं."

मुलाचे वडील रंगावरच खूश झाले. अख्खं भजं तोंडात टाकलं. दोनदा चावलं आणि ताटली खाली ठेवली. मग मुलीकडं बघून हळूच म्हणाले, "बाळ, भज्याला साबण लावलाईस व्हय?"

मुलीची मान खाली गेली. जमू घातलेलं लग्न माझ्या एका भज्यापायी मोडायला निघालं होतं. मी उभा राहिलो. "भजी मी केली," म्हणालो आणि बरण्या, चिठ्ठ्या, बाय म्हणजे दोन, सगळं सांगून टाकलं.

मुलाचे वडील मोरीवर जाऊन चूळ भरून आले आणि म्हणाले, "मग पोरगी पसंत हाय की. व्याह्यास्नी तेवढं गॅसपासनं लांब ठेवा."

मी सुटकेचा निःश्वास टाकून बायकोकडं बघितलं. एवढ्या माणसांत ती अगदी शांतपणे म्हणाली, "अवो, नावातच लिवलंय की, बाय. आधी घरातल्या बायला इचारायचं, मग सोडा घालायचा."