लातूरच्या रस्त्यावर अडलेली झडप

नांदेड सोडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मागच्या सीटवर मावशी आडवी झाली होती, मान डाव्या बाजूला, डोळे मिटलेले. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. आदल्या संध्याकाळी तिच्या उजव्या डोळ्यापुढे एकाएकी अंधार आला. "आतला पडदा सुटलाय," आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. "उद्या तीनच्या आत लातूरला पोचवा. तिथले सर्जन संध्याकाळी बाहेरगावी जाणार आहेत. आणि बसनं नेऊ नका, धक्के बसतील."

शाळेत रजेचा निरोप देऊन मी आमची जुनी पेट्रोल गाडी काढली. पंधरा दिवसांपूर्वी ती कुंथायला लागली होती, म्हणून शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये दाखवली होती. बिलावर स्वच्छ अक्षरांत छापलं होतं : थ्रॉटल बॉडी साफ केली. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा किती जावी हे ठरवणारी झडप. मी गणिताची शिक्षिका. छापील हिशेबावर माझा विश्वास बसतो.

लोह्याच्या पहिल्याच गतिरोधकावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली. पुढच्या गतिरोधकावर तेच. रस्त्याकडेच्या हॉटेलातून सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा) परतल्याचा वास आला आणि मावशी पडल्या पडल्या म्हणाली, "ऑपरेशन आहे म्हणून उपाशी ठेवलंस, वर गाडी नेमकी हॉटेलापुढंच थांबवतेस!"

माळाकोळीच्या पुढे चढ लागला. दोन्ही अंगांना पिवळ्या फुलांनी लगडलेली तूर, मधे काळी नांगरलेली रानं. मला त्याचं काही कौतुक उरलं नव्हतं. स्टिअरिंगमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं रांगू लागली. मागचे ट्रक हॉर्नवरचा हात काढत नव्हते. कडेला घेऊन मी वर्कशॉपला फोन लावला.

"मॅडम, अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल," तिथला सुपरवायझर म्हणाला. "गाडी टो करून आणा. पार्ट यायला चार दिवस लागतील."

किंमत ऐकून माझे कान तापले. माझा निम्मा पगार!

"पण पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच साफ केलीत ना?"

"ते तुम्हाला नाही कळणार, मॅडम. साहेब आहेत का जवळ? त्यांना फोन द्या."

मी फोन ठेवला. गाडी मी चालवते, पेट्रोल मी भरते, सही माझी चालते. समजून घ्यायला मात्र साहेब हवेत.

रांगत रांगत अहमदपूरच्या अलीकडे एक पत्र्याचं गॅरेज दिसलं. मालकाचं नाव बालाजी, पन्नाशीचा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी मावशीचं सांगितलं. त्यानं आधी गाडी लिंबाच्या सावलीत ढकलून घेतली, मग विचारलं, "कवा बंद पडती, ताई? पाय काढला की?"

"हो. आणि चढाला ओढत नाही."

"नवी घ्यायची बात मागून करू. आधी उघडून तर बगू."

त्यानं हवेच्या नळीची पट्टी सोडवायला घेतली आणि थबकला. "हे साफ केलंय म्हनले?"

मी बिल दाखवलं. त्यानं मला जवळ बोलावलं. पट्टीच्या खाचेत धूळ दगडासारखी बसली होती. "हितं पेचकसच लागलेला न्हाई, ताई. लई वर्सांची धूळ हाय ही." नळी निघाली. आतली पितळी रंगाची चकती काजळीनं डांबरासारखी काळी झाली होती. मी मोबाइलवर फोटो काढले.

बालाजीनं मऊ फडक्यावर फवारा मारून कडा पुसायला सुरुवात केली. मदत करावी म्हणून मी बोट पुढे केलं तर तो ओरडला, "ढकलू नका! आत बारीक मोटर असती. तिचे दात तुटले तर मग खरंच नवी घ्यावी लागंल."

पाऊण तासानं गाडी चालू झाली, मिनिटभर गुरगुरली आणि पुन्हा बंद पडली. दिवा तसाच. मावशीनं मागून विचारलं, "किती वाजले गं?" मी खोटं सांगितलं.

बालाजी मात्र शांत. त्यानं गाडी परत चालू करून झडपेकडे जाणारी वायर हळूच हलवली. इंजिन दचकून बंद पडलं. पुन्हा चालू करून हलवली, पुन्हा तेच. "सापडलं. वायरीच्या टोपीचं कुलूप मोडलंय, पिना सुटून राहिल्यात." त्यानं पिना पुसल्या, टोपी घट्ट बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळली. "आता चावी फिरवा, पर गाडी चालू करू नका. झडप कुठं मिटती ते गाडीच्या कॉम्प्युटरला परत शिकू द्या." मोबाइलला जोडलेल्या छोट्या यंत्रानं त्यानं दिवा घालवला. या वेळी इंजिन एका सुरात चालू राहिलं.

त्यानं पैसे मागितले ते इतके थोडे की मला वर्कशॉपच्या वतीनं लाज वाटली. मी जास्तीची नोट पुढे केली. "पैशाचं र्‍हाऊ द्या," तो म्हणाला, "म्हातारीला येळंवर न्या."

चाकूर मागे पडलं. अडीचला आम्ही लातूरच्या दवाखान्यात होतो. ऑपरेशन आटोपून संध्याकाळी निघता निघता सर्जन म्हणाले, "वेळेत आणलंत. उद्यावर गेलं असतं तर नजरेची खात्री देता आली नसती." ते ऐकून सुटकेआधी मला पुन्हा संतापच आला. बिलावरच्या एका खोट्या ओळीनं मावशीचा डोळा घेतला असता.

तिसऱ्या दिवशी परतलो. मावशीला घरी निजवलं आणि मी तडक वर्कशॉप गाठलं. सुपरवायझरपुढे फोटो ठेवले. त्यानं आवाज खाली केला. "मॅडम, साफसफाईचे पैसे परत देतो. बाहेर बोलू या."

"इथंच बोलू. काम केलं नव्हतं, असं बिलावर लिहून द्या."

"तसं लिहिता येत नाही."

"न केलेलं लिहिता आलं, मग हे का नाही?"

माझा आवाज चढला होता. रांगेत मागे धर्माबादचे एक वयस्क मिरची व्यापारी उभे होते. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं बिल वाचलं. "माज्या बी बिलात हेच लिवलंय की," ते म्हणाले. "चला, माज्या गाडीचं बॉनेट खोला. माज्यासमोर."

सुपरवायझरनं इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या बिलावर दोन ओळी लिहून सही केली. मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. राग गेला नव्हता. इतक्यात जावा असं मला वाटतही नाही, कारण बालाजीचं गॅरेज लागलं हा निव्वळ योग होता, आणि योगावर कुणाचे डोळे सोपवता येत नाहीत.

गेटबाहेर पडताना वळून पाहिलं. धर्माबादच्या आजोबांची गाडी उघडली होती, आणि तिच्यामागे आणखी दोघं आपापली बिलं हातात धरून उभे होते.