लिंबूटिंबूला एक जीव जास्त

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालं आहे आणि केतकीचे डोळे सतरंजीवर पडल्या पडल्या मिटू लागतात. आतून बाबांचा आवाज येतो, "चहाच्या वेळेपर्यंत सांग बाई, कुठे प्रवेश घ्यायचा ते!" व्हिडिओ गेम बनवायचे, एवढं तिचं पक्कं आहे. पण त्यासाठी शिकायचं काय? बाबा म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मैत्रीण म्हणते अ‍ॅनिमेशन. केतकीच्या डोक्याचं पार भजं झालं आहे.

"सरक गं जरा," म्हणत कुंदाआत्या शेजारी फतकल मारून बसते. आत्या गेल्या दिवाळीत गेली, पण आत्ता ते बोलून दाखवणं बरं दिसणार नाही. ती मोबाइलवर केतकीनेच बनवलेला गेम खेळते आहे.

"मेले!" आत्या ओरडते. "परत मेले!"

केतकीला हसू आवरत नाही.

"हसतेस काय? मरायची मला सवय आहे. पण दर वेळी पार पहिल्यापासून कशाला चालायला लावतेस?"

"गेम अवघड नको का, आत्या?"

"अवघड असू दे की. वैताग कशाला?"

सतरंजीच्या जागी आता मैदान आहे. कडेला प्रवेशाच्या खिडक्या आहेत, त्यांच्यासमोर कुणी लगोरी रचली आहे आणि आत्या पदर खोचून चेंडू फेकते आहे. बाजूला चड्डीतला एक मुलगा भोकाड पसरून बसला आहे.

"हा तुझा बाप," आत्या सांगते. "लहान आहे म्हणून कुणी खेळायला घेईना."

"मग लिंबूटिंबू करा त्याला! पहिल्या वेळी आऊट नाही. पण त्याने लगोरी लावली तर खरी धरायची हं, नाहीतर त्याला काय मजा?"

छोटे बाबा डोळे पुसत धावतात, लगोरी लावतात आणि मैदानभर नाचतात. केतकीला इतका आनंद होतो की तीही नाचते.

"हे कुणी शिकवलं तुला?" आत्या विचारते.

"कुणी नाही. सुचतंच."

"मग तेच शिक की. खेळ मांडायला. बाकीचं लागेल तसं येईल मागून."

"गेम डिझाइन? बाबा ऐकतील?"

"न ऐकायला काय झालं? चौथीपर्यंत लिंबूटिंबू होता तो, सांग त्याला." आत्या सागरगोटा खिडकीखालच्या फरशीवर खसाखसा घासून तापवू लागते. "तुझ्या बापाला असेच चटके द्यायचे मी."

"आत्या, नको! चटका नको—"

केतकी ताडकन उठून बसते. समोर बाबा चहा घेऊन उभे आहेत.

"बाबा, मला गेम डिझाइन शिकायचंय. आणि तुम्ही म्हणे चौथीपर्यंत लिंबूटिंबू होता!"

बाबा कप खाली ठेवतात. हे केतकीला कुणी सांगितलेलं नाही. मग तिच्या मनगटावरचा लाल, गोल डाग त्यांना दिसतो. ते बोट लावून बघतात. डाग अजून गरम आहे.

"घे गेम डिझाइन," ते म्हणतात. त्यांचे डोळे भरून येतात आणि त्यांना हसूही फुटतं. मग ते स्वतःच्या दोन्ही मनगटांकडे बघतात.

"आणि मला नाही दिला होय ताईने?"