पोरांबरोबर पुळ्याची प्रदक्षिणा

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवापेक्षा कुलपावर अधिक भरवसा होता. रत्नागिरीच्या सुधारशाळेत, चोऱ्यामाऱ्या करून शिक्षा झालेल्या पोरांना मी लिहावाचायला शिकवत असे. त्यांना माझा राग सोसावा लागे आणि मला त्यांची भीती वाटे. फळ्यावर लिहितानासुद्धा मी त्यांच्याकडे पाठ करत नसे. तिरका उभा राहून वेडीवाकडी अक्षरं काढायचो. अशाने पोरांचं अक्षर सुधारणार होतं, कपाळ!

एकदा त्यांना गणपतीपुळ्याला न्यावं असं मनात आलं आणि मी साहेबांच्या मागेच लागलो. त्यांनी परवानगी दिली, पण बजावलं, "एक जरी पोर निसटलं तर तुमचा वर्ग बंद. सगळी परत काथ्या कुटायला." पोरं आता कुठे वाचायला लागली होती.

पुळ्याला डोंगरच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगराला घालायची. बरोबरचा शिपाई बैलगाड्यांपाशी विडी ओढत बसला आणि मी पोरांना घेऊन निघालो. समुद्राची बाजू संपून वाट झाडीत शिरली तेव्हा पाहतो तर मंडणगडकडचा सखाराम नाही. वर्गातला सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत द्वाड. घरच्या आठवणीने रोज रडायचा मेला.

मी मागे धावणार, तोच शेजारून चाललेली एक म्हातारी कोळीण म्हणाली, "अवो मास्तर, प्रदक्षणा अर्ध्यावर मोडू नका."

"अगं बाई, माझं पोर पळालंय!"

"पळून जातंय कुठं? डोंगर देवाचाच हाय ना? चला पुढं."

का कोण जाणे, माझे पाय मागे वळेनात. मनात एवढंच आलं, बाप्पा, मला नाही राखता येत ही पोरं, तूच राख. इतक्या वर्षांत मनापासून हात जोडले ते तेव्हाच. उरलेली वाट मी डोळे पुसत चाललो आणि एकदाही मागे पाहिलं नाही.

देवळापाशी पोचून वळलो, तर रांगेच्या शेवटी सखाराम उभा! अंग करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेलं. माझा हात उठला आणि तसाच खाली आला.

"कुठे मेला होतास रे?"

"जाळीत लपलो होतो," तो मान खाली घालून म्हणाला. "तुमी मागं धावला असतात तर पळालोच असतो. पण तुमी वळूनसुदा बघितलं नाय. मला वाटलं, मास्तरांनी आपल्याला देवावर सोडलं. मग पाय निघंना."

मी त्याला पोटाशी धरलं आणि सगळ्यांदेखत रडलो. म्हातारीला मागाहून पुष्कळ शोधलं, पण ती दिसली नाही. तिच्या तोंडून कोण बोललं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. तिचे पाय धरायचे राहिले, एवढी रुखरुख मात्र आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात खडू घेतला आणि फळ्याकडे सरळ तोंड करून लिहू लागलो. पाठीवर सर्रकन काटा आला. म्हटलं, बाप्पा, पोरं तुझी आहेत, तू बघ. मागून पाट्यांवर पेन्सिली घासल्याचा आवाज तेवढा येत होता.