सिच्युएशन स्टेबल आहे

उजव्या हाताची तर्जनी वर जायची आणि डाव्या तळव्यावर टेकायची, शिक्का मारल्यासारखी. "पेंडिंग." आमच्या मजल्यावरच्या साहेबांना काहीही विचारा, आधी हा शिक्का पडायचाच. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, कचेरी सुटली तरी कचेरीतून न सुटलेलं.

खरं तर ते साहेब नव्हते, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होते. साहेब हे नाव माझ्या आईनं चिडून ठेवलं आणि ते चिकटलं. "पाणी आलं का हो?" असं तिनं विचारलं की हे म्हणणार, "सप्लाय रिझ्यूम झालाय." बायकोनं भाजी वाढली की "अ‍ॅप्रूव्हड." मला बघायला पाहुणे येऊन गेले, तर दारात उभे राहून विचारतात, "पार्टीचा रिस्पॉन्स काय?" आई हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली होती.

वरच्या मजल्यावर रहमतचाचा एकटे राहायचे. जन्मभर माग चालवून थकलेले. त्यांची बायको वारली तेव्हा साहेब त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "व्हेरी सॅड डेव्हलपमेंट." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चाचांनी मात्र त्यांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. निजामपुऱ्यातली आमची इमारत तीन मजली, तळमजल्यावर शेठचे माग, इमारतही शेठचीच. माग चालू असले की फळीवरची भांडी सरकत सरकत कडेला यायची. जाता-येता ती मागे ढकलायची, एवढंच. शुक्रवारी माग बंद असायचे आणि त्या शांततेत कानाला दडा बसल्यासारखं व्हायचं.

अशाच एका शुक्रवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. भिंतीच्या आतून आवाज आला. मोठा नाही, वाळकी फांदी मोडावी तसा. मागोमाग जिन्यात सरसर माती पडली.

"मागांमुळे झालं असेल," आई म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली. माग तर बंद होते.

जिन्याच्या भिंतीला जुना तडा होता. आता त्यात माझं बोट जात होतं. त्या दिवसापासून जिना उतरताना मी श्वास धरून उतरायची, जणू माझ्या श्वासाचंही ओझं भिंतीवर पडेल. आई चटईवर झोपायची ती दाराकडे पाय करून.

भाडेकरूंनी साहेबांना शेठकडे पाठवलं. बोलायचं कसं हे त्यांनाच माहीत, असं सगळ्यांना वाटायचं. परत आले तेव्हा आम्ही सगळे जिन्याच्या वळणावर जमलो होतो.

"मॅटर डिस्कस झालं," साहेब म्हणाले. "इंजिनिअर व्हिजिट करणार आहे. तोपर्यंत सिच्युएशन स्टेबल आहे."

"स्टेबल याने?" चाचांनी विचारलं.

"याने अंडर कंट्रोल."

"किसके?"

साहेबांचं बोट वर गेलं, तळव्यावर टेकलं. कुणीतरी हसलं. पण लोक पांगले, आणि बरेचसे सुटल्यासारखे घरी गेले. शब्द इंग्रजी होते, म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसानं बघितलं असणार.

चार-सहा दिवसांनी सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षात काकू, म्हणजे साहेबांची बायको, मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या. पायाशी पत्र्याची ट्रंक, वर देवांची पिशवी.

"कुठे निघालात काकू?"

"अंजूरला. आयशीला बरा न्हाय." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आईच्या आजारपणाला कुणी देव घेऊन जात नाही. दिवसभर फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी साहेब कुलूप उघडताना मी त्यांना गाठलं. "काकूंना का पाठवलंत?"

"फॅमिली मॅटर आहे."

"साहेब, इमारत पडणार आहे का?"

त्यांचं बोट वर गेलं ते तिथेच राहिलं. मग ते उंबऱ्यावर बसले. तळमजल्यावरचे माग धडधडत होते, म्हणून मला खाली वाकून ऐकावं लागलं.

"इंजिनिअर येणार नाही. शेठ म्हणाला, ज्यानं खोली सोडली त्यानं हक्क सोडला. मी पडेल म्हटलं आणि नाही पडली, तर इतकी माणसं रस्त्यावर. नाही म्हटलं आणि पडली तर..." ते हातातलं कुलूप फिरवू लागले. "मी नोकरीला लागलो तेव्हा साहेबासमोर माझी बोबडी वळायची. मग हे शब्द पाठ केले. ते बोलताना भीती वाटत नाही गं. आता वाटतेय."

"काय वाटतंय तुम्हाला? खरं सांगा."

"पडेल."

हा साधा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"हे सगळ्यांना सांगा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. सकाळपासून एकेक दार वाजवत निघाले. मी त्यांच्या मागे. काय सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. चाचांच्या दारात म्हणाले, "चाचा, गिरेगी. मैं डर गया हूँ. चलिए." चाचांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, टोपी घातली, पानाचा डबा उचलला आणि निघाले. एक प्रश्न विचारला नाही.

आईचे गुडघे दुखायचे. साहेबांनी तिला पाठीवर घेतलं. जिन्यात तड्याजवळ आले तेव्हा खालून मागांचा हादरा आला आणि भिंतीतून मूठभर चुना त्यांच्या खांद्यावर पडला. ते जागीच थिजले. आई त्यांच्या कानाशी म्हणाली, "चला हो. मी आहे ना पाठीवर." मग ते उतरले.

आम्ही सगळे रस्त्यावर उभे, चुली-बिछान्यांसकट. इमारत जशीच्या तशी. शेठ आला. वर बघून म्हणाला, "गिरी क्या?" लोक ओशाळले. ऊन चढलं, पोरं भुकेनं रडू लागली, तशी काही जण बोचकी उचलून परत जिन्याकडे वळले. साहेब धावत जाऊन जिन्याच्या दारात हात पसरून उभे राहिले.

"नका जाऊ. पाया पडतो, नका जाऊ."

शेठच्या माणसानं त्यांना ढकललं. ते पडले, चष्मा फुटला. उठून पुन्हा तिथेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मला वाटतं, त्या तोंडाकडे बघूनच लोक मागे फिरले. काही नातेवाइकांकडे गेले, काही मदरशाच्या पडवीत. आम्ही विहाराच्या हॉलमध्ये.

माग चालूच राहिले. पुढच्या शुक्रवारी, भर दुपारी, जिन्याची बाजू वरपासून खालपर्यंत बसली. विहारात आम्हाला तो आवाज आला. आत कुणी नव्हतं. गुरुवारी पडली असती तर खाली कारागीर असते. तो विचार आजही मनात आला की हातातलं काम थांबतं.

साहेबांचे आभार कुणी मानल्याचं मला आठवत नाही. खोल्या गेल्या त्या गेल्याच. ते अंजूरला सासुरवाडीला राहायला गेले.

पुढे काही वर्षांनी आईला घेऊन मी भेटायला गेले. खाडीकडच्या शेतांत गोदामं उभी राहत होती. साहेब अंगणात बाजेवर बसलेले, बाजेला मच्छरदाणीच्या काठ्या बांधलेल्या, वर प्लास्टिकचा कागद. आईच्या गुडघ्यांची चौकशी त्यांनी केली, साध्या मराठीत. आम्ही चहाला आत गेलो, ते आले नाहीत.

"घरान निजत न्हायत," काकू हळूच म्हणाल्या. "पावसातपन भायेरच. किती सांगला."

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात माणसं बसली होती. काकूंनी बाजेवरची गोधडी झटकली, उशी काखेत घेतली, आणि दाराशी क्षणभर थांबून त्या ते अंथरूण घरात घेऊन गेल्या.