खंडेरावाचा पिवळा रंग

ती गोष्ट आठवली की आजही माझी मान खाली जाते. गुन्हा उघडकीस आला, वरिष्ठांनी शाबासकी दिली, तरीसुद्धा.

मोखाड्याला ठाण्याचा प्रभारी होतो. बोहाड्याचे, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या जत्रेचे दिवस होते. बंदोबस्ताची आखणी चालू असतानाच गोव्याहून एक फौजदार आले, सोबत तिथल्या एका कॅसिनोचा सुरक्षा अधिकारी. त्यांच्याकडे नकली टोकनं सापडली होती. तिथे वेटर असलेला आमच्या हद्दीतला एक तरुण ती कुणा जुगाऱ्याला पुरवतो, अशी खबर होती. तो जत्रेसाठी रजेवर घरी आला होता.

अधिकाऱ्याने माझ्या टेबलावर टोकनं मांडली. जांभळ्या दिव्याखाली खऱ्या टोकनावर शिक्का चमकतो. महागड्या टोकनांच्या पोटात यंत्राला ओळखू येणारी बारीक चकती असते. "आणि चळत लावली की कडेचे पट्टे एका रेषेत यायलाच हवेत. वर कॅमेरा असतो," तो म्हणाला. या पठ्ठ्याने स्वस्तातली पांढरी टोकनं रंगवून, त्यांच्यासारखीच चकती नसलेली पण जास्त किमतीची पिवळी केली होती. हात सफाईदार, पण पट्टा केसभर सरकला आणि चळतीत उघडा पडला.

तरुणाला चौकशीला आणलं. घराची झडती घेतली. रंगाचे डबे मिळाले, पण त्या घरात खंडेरावाचा मुखवटा पिढीजात, दरवर्षी रंगवतात. त्यावरून काय सिद्ध करणार? पोरगा तर ताकास तूर लागू देत नव्हता. "मना काय म्हायती नाय, सायेब," एवढंच. आवाज चढवला, चहा पाजला, कशाचाच उपयोग झाला नाही.

दुसऱ्या सकाळी त्याचा बाप ठाण्यात आला. डोक्याला नवा फेटा.

"सायेब, आज आमचा सोंग हाय. ज्या घराचा सोंग त्याच घरानं नाचवायचा. माझं पाय गेलं, आता तोच. नाय नाचला तं आमचा मान जाल."

मला दया आली. म्हटलं, "दोन शिपाई सोबत देतो. मुखवटा इथेच आणा, इथूनच नेऊ त्याला." त्यात माझा काही डाव नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

बाप मुखवटा घेऊन आला. ठाणे अंमलदार उठून उभा राहिला. मी बूट काढले. बापाने लेकापुढे मुखवटा धरला, तसा पोरगा मागे सरकला आणि त्याने हात पाठीमागे नेले.

"नको बा. माझा हात नको लागू दे देवाला."

"का रं?"

"देवाच्याच डब्यातला रंग लावला मी त्या टोकनांना."

मग रडत रडत त्याने सगळं सांगितलं. उरलेली टोकनं नागलीच्या कणगीत होती. झडतीत आम्ही तिच्यात वरवर हात घालून मोकळे झालो होतो.

गोव्याच्या फौजदारांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बापाने डोक्याचा फेटा सोडला आणि देवाचं तोंड झाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसाची अब्रू माझ्यासमोर जात होती आणि मी शाबासकी घेत होतो.

माणूस भीतीने खोटं बोलतो आणि लाजेने खरं बोलतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याच्या कबुलीचा कागद मी रंगवला, पण ज्या लाजेने तो बोलला तिची नोंद कुठेच झाली नाही.

जत्रेत खंडेरावाचा पुकारा झाला तेव्हा मी बंदोबस्तावर होतो. संबळ वाजत राहिला. बाप गर्दीतून उघड्या डोक्याने पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "औंदा आमचा घर नाचवत नाय." सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. मला बघवलं नाही.