वजनाच्या खोलीतल्या मोठ्या सिस्टर

आमच्या मोठ्या सिस्टर उंचीने आमच्यात सगळ्यांत लहान. कपाटाच्या वरच्या खणातलं औषध काढायला त्यांना स्टूल लागतं. पण नोकरीला एकतीस वर्षं झालेली, म्हणून मोठ्या त्याच. भूकंपात घराची मागची भिंत पडली, तेव्हापासून त्याही नवऱ्यासकट छावणीतच राहतात आणि आठ वाजता शाळेच्या या वर्गात दवाखाना उघडतात. केसपेपर लिहायला मी. संध्याकाळपर्यंत दोघींच्याही पायांचे तुकडे पडतात; त्या बोलून दाखवत नाहीत, मी दाखवते.

सुरुवातीला छावणीच्या साहेबांनी दारावर पाटी लावली, 'अत्याचारग्रस्त महिला मदत कक्ष'. अक्षरं अशी, की मैदानाच्या त्या टोकावरून वाचावीत. पंधरा दिवस एक बाई फिरकली नाही. फिरकेल कशी? आत पाऊल टाकलं की छावणीभर बभ्रा. शेवटी सिस्टरांनी पाटी उतरवली, तिथे तान्ह्या मुलांचा वजनकाटा टांगला आणि साहेबांची बोलणी निमूट खाल्ली. मला मात्र त्या माणसाचा अजून राग येतो.

वजनाला कुणीही येतं. मूल काट्यात असताना सिस्टर हळूच आईला विचारतात, "आणि तू कशी आहेस?"

बुधवारी एक सासू-सून बाळाला घेऊन सकाळपासून तिसऱ्यांदा आल्या. वजन तिन्ही वेळा तेच. सासू सुनेला चिकटून उभी, सुनेच्या तोंडून शब्द फुटेना. सिस्टरांनी ओळखलं.

"आजी, हिला दूध कमी येतंय. जरा तपासते. तुम्ही बाळाला घेऊन बाहेर बसा."

सासवांना बाहेर काढायच्या अशा थापा त्यांच्याकडे तयारच असतात.

पडद्यामागे सून बोलली. रविवारी, दिवेलागणीला, पाण्याच्या टाकीमागे. दोघे होते. सिस्टरांनी मला वेळ विचारली. साडेचार. एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, म्हणजे जेमतेम दोन तास हातात होते. सिस्टरांनी तिला आधी पाणी पाजलं. मग तपासलं, जखमा धुतल्या, गर्भ राहू नये म्हणून गोळी दिली, लागणीच्या गोळ्यांचा पहिला डोस समोर घ्यायला लावला आणि उरलेल्या गोळ्या बाळाच्या औषधाच्या डबीत भरल्या.

"तक्रार करायची का, ते तू ठरव. मी सोबत येईन," त्या म्हणाल्या.

केसपेपरवर मी 'अशक्तपणा' लिहिलं. असे किती अशक्तपणे लिहिलेत, आता मोजत नाही.

पावणेसहाला सून बाहेर गेली. सिस्टरांनी चपला काढल्या आणि स्टुलावर बसल्या. तेवढ्यात सासू दारात आली, मागोमाग सून.

"काळजी करू नका आजी, दूध येईल आता," सिस्टर म्हणाल्या.

"दुधाचं राहू द्या. गोळ्या दिल्यात ना तिला? मीच आणतेय सकाळपासून. तिला बोलता येईना, आणि मला तिच्यादेखत."

सव्वा तास आम्ही त्या बाईला बाकावर बसवून ठेवलं होतं. मला लाज वाटली.

तिने बाळ सुनेच्या हातात दिलं, तिला बाहेर जा म्हणून खुणावलं आणि मग म्हणाली, "पाण्याला आम्ही दोघी गेलो होतो."

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि चपला पुन्हा पायात सरकवल्या.

"अजून एक केसपेपर काढ," त्या मला म्हणाल्या.