परदेशी वस्तूंच्या टेबलावरचा मरफा

दिघोरीहून निघालो तेव्हा एस.टी.च्या टपावर माझी पत्र्याची पेटी होती आणि मांडीवर तांदळाचं गाठोडं. शहरात नगरपालिकेच्या शाळेत मास्तरकी लागली होती, हंगामी. आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "बाबू, तिथं पाहुन्यावानी राहू नोको. पाहुन्याले सारे चाय पाजतेत, काम कोनी नाही सांगत." मी हसलो. मोर्च्यांची पत्रकं लिहिणारा माणूस मी, आईचं काय ऐकणार?

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, ऐका. ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. माझ्या तोंडून 'मले' निघालं की हेडमास्तर शुद्ध बोलायला सांगायचे. मी मुद्दाम पुन्हा तेच बोलायचो.

माझ्या सहावीच्या वर्गात फातिमा चाऊस होती. तिचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेत आलेले अरब. आजोबा, सालेहचाचा, राइस मिलचे चौकीदार. पोरगी वर्गात आपल्यासारखी झाडीबोली बोलायची, घरी उर्दू. इतिहासाच्या पुस्तकात तिच्या माणसांबद्दल एक ओळ नव्हती.

शाळेत 'आपला जिल्हा, आपली माणसं' असं प्रदर्शन ठरलं. आदल्या दिवशी कोष्ट्यांच्या पोरांनी मागावरचे धोटे आणले, शेतकऱ्यांच्या पोरांनी धानाच्या लोंब्या; सगळं एका सतरंजीवर मांडलं. फातिमानं घरचा मरफा आणला, म्हणजे त्यांच्या लग्नात वाजतो तो ढोल. हेडमास्तरांनी तो उचलला आणि 'परदेशी वस्तू' लिहिलेल्या टेबलावर नेऊन ठेवला, जपानी छत्री आणि रशियन मासिकाच्या मधोमध. फातिमानं तो ओढणीत गुंडाळला आणि घरी नेला.

माझं डोकं फिरलं. शाळा सुटल्याबरोबर पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइलवर दोनशे प्रती काढल्या. 'आपल्या अरब पाहुण्यांचा हा अपमान शहर सहन करणार का?' माझ्या मते जबरदस्त वाक्य. पहिली प्रत चाचांना द्यायला गठ्ठा घेऊन मिलच्या फाटकावर गेलो.

चाचांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"गुरुजी, पाहुना कोन? मी याच शाळेत छड्या खाल्ल्या. हेडमास्तरनं आमाले परदेशी टेबलावर ठेवलं, तुमी पाटावर बसवून राहिले. सतरंजीवर सगळ्यांच्या संगं बसू द्या ना."

मला एस.टी.च्या खिडकीखाली उभी असलेली आई दिसली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, स्वतःचाच.

फातिमा चाचांचा डबा घेऊन आली, आणि तिथेच फाटकापाशी बसून आम्ही तिघांनी दोनशे प्रतींवरचा 'पाहुण्यांचा' शाईनं खोडला. वर लिहिलं, 'माणसांचा'. फातिमाचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. "गुरुजी, तुमचा ण फारच लंगडा हाये," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात पत्रकं वाटली. हेडमास्तरांनी मला आत बोलावून सांगितलं की हंगामी माणसानं आपली पायरी ओळखावी, पुढच्या वर्षीचा नेमणुकीचा आदेश त्यांच्याच हातात आहे. मी म्हटलं, मरफा सतरंजीवर गेल्याशिवाय माझा वर्ग प्रदर्शनात येणार नाही. वर्ग आला नाही. दुपारी पालक जमले, कोष्टी सगळ्यात पुढे. शेवटी मरफा घरून परत आणला आणि धोट्यांच्या आणि लोंब्यांच्या मध्ये ठेवला गेला. पुठ्ठ्यावर फातिमानं लिहिलं: 'चाऊस. इथलेच.' चाचांनी तो वाजवला तेव्हा शिपाईसुद्धा ताल धरत होता.

उन्हाळ्यात माझा आदेश आला नाही. अपेक्षित होतं. त्याबद्दल मी कोणाकडे रडलो नाही, रडणारही नाही. फातिमा सातवीत त्याच शाळेत गेली आणि तो पुठ्ठा भिंतीवर राहिला, एवढं मला पुरे. इथेच राहून शिकवण्या घेतो, पत्रकं अजून लिहितो.

परवा दिघोरीला गेलो. आईनं पाट मांडला, चहा ठेवला, शेजारणीला सांगितलं, पाहुणा आला. मी पाट भिंतीला टेकवून ठेवला.

"पाहुना नाही, माय," म्हटलं. "काम सांग."

तिनं खुंटीवरचा विळा काढून माझ्या हातात दिला. जिथं काम सांगतात, माझ्यासाठी घर ते, इथेही आणि तिथेही.